४.८ की ६.४? टायरची खाच लेझरने मोजताना

कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट यार्डात मी टायर सांभाळतो. बावीस गाड्या, बहुतेक दहाचाकी. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मालकांनी हातात धरायचा लेझर स्कॅनर आणून दिला आणि म्हणाले, "आता दहा मिनिटांत गाडी मोजून झाली पाहिजे." होते की. पण पहिल्याच आठवड्यात मी एक चांगला टायर खाली उतरवणार होतो.

पुढच्या डाव्या टायरचा आकडा आला ४.८. घाटातल्या गाडीला पावसात पुढे ५ मि.मी.च्या खालचा टायर ठेवायचा नाही, हा आमच्या यार्डाचा दंडक. जॅक लागलासुद्धा. तेवढ्यात आमच्या जुन्या फिटरमामांनी खिशातला काडीचा गेज खाचेत घातला. ६.४! दोघांत फरक किती, तर बरोबर १.६. तिथेच माझी ट्यूब पेटली. खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराची आडवी गाठ असते, टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर), म्हणजे टायर किती झिजला ते दाखवणारी खूण, म्हणतात ती. तिची उंची १.६ मि.मी. माझी लेझरची रेघ नेमकी तिच्यावर बसली होती. गाठ कुठे आहे ते टायरच्या खांद्यावरच कळतं, तिथे टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्या खुणेच्या रेषेत स्कॅनर धरू नका, चार बोटं सरका.

यंत्र करतं काय, ते समजून घेतलं की पुढच्या चुका आपोआप टळतात. ते रबरावर तिरकी लेझरची रेघ टाकतं आणि शेजारचा कॅमेरा ती पाहतो. सपाट रबरावर रेघ सरळ दिसते, खाचेत उतरली की बाजूला सरकते. जितकी सरकली तितकी खोली. म्हणजे सगळा खेळ रेघ नीट दिसण्याचा. टायर काळा, तो प्रकाश खातो. ओला असला तर चमकतो. भर उन्हात रेघ फिकी पडते. म्हणून मी सकाळी शेडमध्ये मोजतो, आणि ऊन आलंच तर पाठ करून सावली पाडतो. टायर पॉलिश मारलेली गाडी तर नकोच.

मोजण्याआधी खाचा साफ करा. याचा कंटाळा करणारा माणूस स्कॅनर घेऊनही अंदाजच लिहितो. अडकलेली खडी स्क्रूड्रायव्हरने काढायची, चिखल तारेच्या ब्रशने, मग कोरडं फडकं. ट्रकच्या काही टायरांत खडी अडकू नये म्हणून खाचेच्या तळाशी मुद्दाम बारीक उंचवटे दिलेले असतात. ते खरवडायला जाऊ नका, फक्त आकडा त्यांच्यावरचा घेऊ नका. स्कॅनरची काचही पुसा, पण मऊ कापडाने. खिशातल्या ग्रीसच्या चिंधीने नको!

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ठोकळा. स्कॅनरच्या पेटीत ठरावीक खोलीच्या खाचेचा नमुना मिळतो, आमच्याकडे १० मि.मी.चा आहे. रोज आधी तो मोजायचा. ९.५ दाखवत असेल तर टायरला हात लावू नये. मग स्कॅनर नक्षीवर आडवा, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, सपाट टेकवून. मनगट तिरकं झालं की आकडाही तिरका. एका टायरला तीन ठिकाणी मोजा, हात पोचत नसेल तर गाडी अर्धं चाक पुढे घ्या. रेघेत डोळे घालू नका, क्लीनर पोरांना हे रोज सांगावं लागतं.

आकडा एकच पाहू नका, सगळ्या खाचा शेजारी शेजारी वाचा. बाहेर ९.१, मध्ये ८.८, आत ५.९ आलं तर टायरचा दोष नाही, अलाइनमेंट बघा. दोन्ही खांदे घासले आणि मधलं राहिलं तर हवा कमी, मधलंच गेलं तर हवा जास्त. कायद्याने कार-ट्रकला १.६ आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मि.मी. खोली लागते, पण रिमोल्डला, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवायला, पाठवायचा टायर आम्ही ३ वरच उतरवतो. त्याखाली गेला की खडी सरळ आतल्या पट्ट्यांपर्यंत पोचते आणि केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडाच, वाया जातं. हिशेबही सोपा: १५.५ चा टायर ४२,००० किलोमीटरनंतर ९.५ वर आला, म्हणजे मि.मी.ला ७,००० किलोमीटर. ३ पर्यंत ढोबळमानाने अजून ४५,०००.

मागच्या जोडीतल्या आतल्या टायरला मात्र हे यंत्र सपाट टेकतच नाही. तिथे मी मामांचा काडीचा गेजच घेतो आणि त्यात कमीपणा मानत नाही.

नोंद गाडीच्या जागेवर नको, टायरच्या नंबरावर करा. सुरुवातीला मी फक्त 'मागचं उजवं बाहेरचं' एवढंच लिहीत होतो. मधे पंक्चरला स्टेपनी चढली, कोणी सांगितलं नाही, आणि महिन्याने त्याच जागी ७.२ चे १०.३ झाले. मालक म्हणाले, "वा, तुमच्या टायरला पावसाळ्यात नवी नक्षी फुटते वाटतं!"