वंगण संपलं म्हणून बसून राहू नका

माझा उजवा गुडघा पहिल्यांदा बोलला तो जिना उतरताना. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि तीसेक वर्षं विळीवर बसून भाजी चिरलेली. शेजारच्या काकूंनी निदान केलं, "वंगण संपलं तुझं." उरलेलं पुरवून वापरावं म्हणून मी वर्षभर चालणंच सोडलं. गुडघा आणखी आखडला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी उलगडून सांगितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात ना रक्तवाहिन्या, ना दुखणं कळवणारे मज्जातंतू. म्हणून झीज सुरू होते ते समजत नाही, आणि झिजलेलं नीट भरूनही येत नाही. कूर्चेला खाणंपिणं मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की द्रव शोषून घेते. चालणं बंद म्हणजे तिची उपासमार. पुढे थर पातळ होतो, खालचं हाड टणक होतं, कडेला हाड वाढतं, सांध्याचं आतलं अस्तर सुजतं. दुखतं ते यामुळे. बहुतेकदा आतली बाजू आधी झिजते, म्हणून म्हाताऱ्या माणसांचे पाय बाहेर बाकलेले दिसतात.

एक्स-रे उभं राहूनच काढायचा. आडवं पडून काढला तर हाडांमधली फट असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते. रिपोर्टात झिजेची 0 ते 4 अशी ग्रेड लिहितात, आकडा मोठा तितकी झीज जास्त, पण तिला घाबरून जाऊ नका. माझी 2, नणंदेची 3, आणि ती जेजुरीच्या पायऱ्या चढून येते!

आता करायचं काय? पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबत मांडी आवळा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्याचा भार मांडीचा स्नायू उचलतो, आणि बसून राहिलं की आधी तोच वाळतो. महिन्याभराने खुर्चीतून हात न टेकता उठायला लागा. व्यायामाने थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर निम्मं करा.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सिनेमातले म्हातारे सर्रास उलटी धरतात. वजन एक किलो उतरलं, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. मी सहा किलो उतरवलं, दोन परत आले.

सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटतो, तोवर ही झीजच असावी. तास-तासभर सुटत नसेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर तो संधिवात वेगळा असू शकतो, दाखवून घ्या. गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तेल चोळत बसू नका.

विळी मी माळ्यावर टाकली. ओट्याशी उंच स्टूल, हातात सुरी. कोथिंबीर मात्र अजून विळीसारखी बारीक होत नाही.