चेंबूर-माहूल पट्ट्यातील हवेचा आरोग्यावरील धोका कसा जोखावा

चेंबूर, माहूल आणि ट्रॉम्बे या पट्ट्यात तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाना, औष्णिक वीजकेंद्र आणि रसायनांच्या साठवण टाक्या लोकवस्तीला खेटून उभ्या आहेत. येथील धोका जोखताना केवळ हवा गुणवत्ता निर्देशांकावर विसंबू नये. निर्देशांकाच्या आठ प्रदूषकांत सूक्ष्म धूलिकण, सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया येतात. टाक्या भरताना आणि रिकाम्या करताना वाफेच्या रूपात हवेत मिसळणारी बेंझिन, टोल्युईन किंवा झायलिन ही रसायने त्यांत येत नाहीत. त्यामुळे निर्देशांक ‘समाधानकारक’ असताना रहिवासी मळमळ आणि डोकेदुखीची तक्रार करत असतील, तर त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याआधी काय मोजलेच गेले नाही ते पाहावे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये माहूल आणि आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला हवेमुळे धोका असल्याचे मान्य केले, हे येथे विसरता येत नाही.

प्रथम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून बेंझिनची वर्षभराची मोजमापे मागवावीत. त्याची वार्षिक मर्यादा प्रतिघनमीटर 5 मायक्रोग्रॅम आहे. पीएम 2.5 म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांसाठी देशाची वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची शिफारस 5 ची आहे. म्हणून मर्यादेत बसणारी हवा निर्धोक मानू नये.

सर्वांत मोलाची असते ती वस्तीतील नोंदवही. दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहत असल्याने एकाच धुरांड्याचा धूर वेळेनुसार वेगवेगळ्या वस्त्यांवर जातो, आणि चोवीस तासांच्या सरासरीत रात्रीचे दोन वाईट तास बुडून जातात. म्हणून वेळ, वाऱ्याची दिशा, वास पेट्रोलसारखा, कुजलेल्या अंड्यासारखा की नाकाला झोंबणारा, तो किती वेळ टिकला आणि कोणाला काय त्रास झाला, हे त्याच वेळी लिहावे. वास नाही म्हणून बेंझिन नाही, असे मात्र समजू नये. त्याचा वास जाणवतो ती पातळी मर्यादेच्या शेकडो पटींनी वर असते. नोंदी निदान एक पूर्ण वर्ष चालवाव्यात, कारण पावसाळ्यात हवा धुऊन निघते आणि थंडीत प्रदूषण जमिनीलगत कोंडून राहते.

त्यानंतर महापालिकेच्या दवाखान्यातील दमा, धाप आणि खोकल्याच्या रुग्णांची आठवडावार संख्या, नावे वगळून, या नोंदींशी ताडून पाहावी. त्रास त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांनी वाढू शकतो. तुलनेसाठी कारखान्यांपासून दूर, पण तशाच उत्पन्नाची आणि तितक्याच दाटीची वस्ती घ्यावी, अन्यथा क्षयरोग, धूम्रपान, ओल धरलेल्या भिंती आणि चुलीचा धूर यांचा परिणाम कारखान्यांच्या माथी मारला जाईल. बेंझिनमुळे होणारा रक्ताचा कर्करोग अनेक वर्षांनी दिसतो, म्हणून वर्षभरात रुग्ण न आढळणे हा सुरक्षिततेचा पुरावा नाही.

अहवालात लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांची घरे नकाशावर स्वतंत्र दाखवावीत, मात्र घरमालकांची ओळख उघड करू नये. मंडळाकडे मागणी करताना नेमकी जागा आणि रात्रीचे तास लिहून द्यावेत, म्हणजे फिरते मोजणी पथक दुपारी येऊन परत जाणार नाही.