प्लाझ्मिड मिनिप्रेप: हात कुठे हलका ठेवायचा आणि का

ई. कोलाय या जिवाणूमधून प्लाझ्मिड (क्रोमोसोमपेक्षा वेगळा, छोटा गोलाकार डीएनए) थोड्या प्रमाणात काढणं म्हणजे मिनिप्रेप. त्यासाठीची अल्कलाइन लायसिस (अल्कलीने पेशी फोडण्याची) पद्धत बर्नबॉइम आणि डोली यांनी १९७९ मध्ये मांडली. बाजारातल्या बहुतेक किटमध्ये आजही तीच तीन द्रावणं वेगळ्या नावांनी असतात. किट वापरायच्या आधी एकदा तरी हे हाताने करून बघावं. कुठे काय बिघडलं ते मग पटकन कळतं.

आदल्या संध्याकाळी ५ मिलि एलबी माध्यमात (जिवाणू वाढवायचं पोषक द्रव) एकच कॉलनी टाका, प्लाझ्मिडला लागू असलेलं अँटिबायोटिक घाला (अँपिसिलिन असेल तर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि) आणि ३७ अंश सेल्सिअसला १२ ते १६ तास हलवत वाढवा. सकाळी १.५ मिलि कल्चर सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट) १ मिनिट फिरवा. वरचं माध्यम शेवटच्या थेंबापर्यंत काढा. ते राहिलं तर पुढे रिस्ट्रिक्शन एन्झाइम (डीएनए ठरावीक जागी कापणारं) नीट कापत नाही.

द्रावण १ (५० मिलिमोलर ग्लुकोज, २५ मिलिमोलर ट्रिस पीएच ८, १० मिलिमोलर ईडीटीए) १०० मायक्रोलिटर घाला. इथे व्होर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) बिनधास्त वापरा. एकही गुठळी राहता कामा नये, कारण गुठळीच्या आतल्या पेशी पुढे फुटतच नाहीत. ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं, त्यामुळे डीएनए खाणारी एन्झाइम थंडावतात.

आता द्रावण २, म्हणजे ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ), २०० मायक्रोलिटर. हे त्याच दिवशी बनवा: ८८० मायक्रोलिटर पाणी, त्यात १० नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड २० मायक्रोलिटर, शेवटी १० टक्के एसडीएस १०० मायक्रोलिटर. जुनं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचा पीएच उतरतो. सोडियम हायड्रॉक्साइड हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

इथून व्होर्टेक्सला हात लावायचा नाही. ट्यूब पाच-सहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करा. गढूळ द्रव स्वच्छ आणि चिकट होतो. झाकण उघडलं की त्याची तार सुटते. ही तार म्हणजे क्रोमोसोमचा लांबलचक डीएनए. जोरात हलवलंत तर त्याचे तुकडे होतात, आणि हे तुकडे पुढे साक्यात (फिरवल्यावर तळाशी बसणाऱ्या गाळात) न बसता प्लाझ्मिडसोबत येतात. वेळेची मर्यादा ५ मिनिटं. अल्कलीत क्रोमोसोमचे धागे सुटे होतात. प्लाझ्मिडच्या दोन धाग्यांची वर्तुळं मात्र एकमेकांत अडकलेली असल्याने पुन्हा जुळू शकतात. फार वेळ ठेवलं तर तीही कायमची बिघडतात आणि एन्झाइमला दाद देत नाहीत.

थंडगार द्रावण ३ (३ मोलर पोटॅशियम, ५ मोलर अॅसिटेट) १५० मायक्रोलिटर घालून पुन्हा हलकेच उलटं-सुलटं करा. फाटलेल्या दुधासारखे पांढरे गोळे दिसायला हवेत: पोटॅशियम आणि एसडीएस मिळून न विरघळणारा क्षार होतो आणि प्रथिनं, क्रोमोसोम यांना घेऊन खाली बसतो. बर्फात ५ मिनिटं, मग १२,००० जी वर १० मिनिटं. वरची निवळी, जिच्यात प्लाझ्मिड असतो, सुमारे ४०० मायक्रोलिटर मिळते. सगळी ओढायचा मोह टाळा. पांढरा कण आला तर पुन्हा फिरवा.

निवळीत दुप्पट इथेनॉल, २ मिनिटं थांबा, १० मिनिटं फिरवा. ट्यूब ठेवताना झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला ठेवा. प्लाझ्मिडचा साका बहुधा डोळ्यांना दिसत नाही, पण तो बिजागरीखालच्या भिंतीलाच असणार, म्हणून पिपेटची टिप समोरच्या भिंतीला लावायची. ७० टक्के इथेनॉलने धुवा, पुन्हा २ मिनिटं फिरवून द्रव काढा, ५ ते १० मिनिटं उघडं वाळवा आणि आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम, २० मायक्रोग्रॅम प्रति मिलि) घातलेल्या ५० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये (ट्रिस आणि ईडीटीएचं द्रावण) विरघळवा. इथेनॉल उरलं की शेवटच्या तपासणीत जेलच्या खाचेत नमुना बसत नाही, वर तरंगतो.

स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या (प्रकाश किती शोषला ते मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर भाळू नका; आरएनएही २६० नॅनोमीटरलाच प्रकाश शोषतो, त्यामुळे उतारा फुगलेला दिसतो. ०.८ टक्के अॅगरोज जेल (यात विजेच्या जोरावर डीएनए धावून वेगवेगळे पट्टे होतात) खरं बोलतं. पुढे धावणारा ठळक पट्टा सुपरकॉइल्ड (घट्ट पीळ पडलेल्या) प्लाझ्मिडचा, त्यामागचा फिका पट्टा एका धाग्यात काप पडून पीळ सुटलेल्या वर्तुळांचा. तळाशी धूसर डाग असेल तर आरएनेज कमी पडलं. खाचेजवळ जाड पट्टा किंवा तिथून खाली ओघळ असेल तर क्रोमोसोम आला, म्हणजे दुसऱ्या द्रावणानंतर हात जड पडला. सुपरकॉइल्डच्याही पुढे एक पट्टा दिसला, तर ५ मिनिटांची मर्यादा ओलांडली गेली.