सहा वर्षांच्या गॅपनंतर आयटीत परत येताना

मुलाखत घेणाऱ्याने रेझ्युमेवर बोट ठेवून विचारलं, "2015 ते 2021, हे काय?" मी सुरू झाले. मुलगी, तिचा बालदमा, मग सासऱ्यांचं आजारपण, मग लॉकडाऊन. समोरचा माणूस सज्जन होता, मान हलवत ऐकत राहिला. पाच-सात मिनिटं अशी गेली आणि जावा या प्रोग्रामिंग भाषेबद्दल विचारायला त्याच्याकडे वेळच उरला नाही. ती नोकरी मिळाली नाही. पुढची मिळाली.

आता पुण्यातच मी स्वतः मुलाखती घ्यायला बसते. परत येऊ पाहणाऱ्या बऱ्याच जणी सुरुवातच एखाद्या महागड्या कोर्सपासून करतात. माझं म्हणणं, सुरुवात घरातल्या कपाटापासून करा.

1. आधी कागद

रिलिव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक. हे सगळं एका फाइलीत आलं पाहिजे. ऑफर मिळाल्यावर बीजीव्ही, म्हणजे पार्श्वभूमीची पडताळणी होते, आणि नेमकी तेव्हाच जुनी कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतल्याचं कळतं. तिथल्या एचआरला मेल आत्ताच टाका.

खरी गुंतागुंत नावाची. आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. काही घरांत तर तांदळात अंगठीने पहिलंही नवं लिहितात. मग डिग्रीवर एक बाई, आधारवर दुसरी, पॅनवर तिसरी. तुम्हाला माहीत असतं या तिघी एकच आहेत, यंत्रणेला ते पटवून द्यावं लागतं. कुठलं नाव चालवायचं ते एकदा ठरवा. मग आधार, पॅन, यूएएन आणि बँक, चारही ठिकाणी तेच नाव, त्याच स्पेलिंगमध्ये करून घ्या. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जवळ हवंच. पहिलं नाव बदललं असेल तर शासन राजपत्रात नावबदल छापून घेतलेला बरा. मी माहेरचंच नाव ठेवलं. घरात यावर चर्चा होईल असं वाटलं होतं, पण सासूबाई म्हणाल्या, "डिग्री त्या नावाची आहे ना? मग झालं."

पीएफमधले जुने पैसे काढले नसतील तर काढू नका. पीएफबरोबरच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि ती रक्कम उचलली नसेल तर जुनी वर्षं त्यात धरली जातात.

2. मग घड्याळ

"रात्री सगळं आवरलं की बसेन" हे चालत नाही. मी दोन महिने करून पाहिलं, लॅपटॉपवर डोकं टेकून झोपायचे. दिवसाचे दोन तास हवेत आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवेत. त्या वेळात दूधवाला, कुरियर, शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांचं दुसरं कुणी बघेल.

स्वयंपाकाला मावशी लावायच्या असतील तर पगाराची वाट पाहू नका. नोकरी लागल्यावर एकाच आठवड्यात नवी मावशी, नवं पाळणाघर आणि नवं ऑफिस अंगावर आलं की पहिला बळी नोकरीचा जातो. हे मी दोन मैत्रिणींच्या घरी पाहिलं आहे.

3. काय शिकायचं

शक्यतो गाडी बदलू नका. जुन्या पाच-सहा वर्षांच्या अनुभवाला किंमत आहे ती त्याच कामात. जावावाल्या बाईने एकदम डेटा सायन्सकडे उडी मारली की ती पुन्हा फ्रेशर होते. मी सोडलं तेव्हा जावाची 8 ही आवृत्ती नवीन होती, परत आले तेव्हा 17 नुकती आलेली. फरक वाटतो तेवढा डोंगराएवढा नाही, दोन महिने पुरतात. पायथनवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पायथन 2 या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 पासून बंद झाला. मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे हाताने सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करत असाल तर ऑटोमेशन, म्हणजे तीच तपासणी प्रोग्रामकडून करून घेणं, शिकल्यावाचून सुटका नाही. आणि एआय वापरून कोड लिहिता का, हे आता विचारतातच. वापरा, पण त्यातली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे.

पाया पुन्हा पक्का करायला आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरचे कोर्स आहेत. ते फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तरच. बाकी सर्टिफिकेटांचा ढीग मी तरी बघत नाही. मी बघते ते चालणारं काहीतरी.

माझं काय होतं सांगते. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतात आणि किती आले, किती लिटर, कुणाची सही, यावरून दर महिन्याच्या मीटिंगमध्ये भांडण ठरलेलं. मी त्याची नोंद ठेवणारी छोटी प्रणाली बनवली: जावाची स्प्रिंग बूट ही चौकट, पोस्टग्रेस हा डेटाबेस, वॉचमनच्या मोबाइलवर चालेल असा एकच फॉर्म. कोड गिटहबवर, म्हणजे कुणालाही बघता येईल अशा साइटवर टाकला. वॉचमनकाका एकाच टँकरची नोंद दोनदा करायचे, ते कसं अडवलं, यावर पुढे एका मुलाखतीत वीस मिनिटं बोलणं झालं. तुमच्या बचत गटाचा हिशेब घ्या, भिशीचा घ्या. खरी माणसं वापरतील असं काहीही चालेल.

4. अर्ज कुठे

परतणाऱ्या स्त्रियांसाठी मोठ्या कंपन्यांच्या वेगळ्या योजना आहेत. टाटा समूहाने 2008 मध्ये 'सेकंड करिअर्स' सुरू केली. टीसीएसची 'रीबिगिन' आहे, विप्रोची 'बिगिन अगेन'. अशा योजनेत शिरताना एकच प्रश्न विचारा: काम कायमचं आहे की ठरावीक महिन्यांचं, आणि ठरावीक असेल तर पुढे कायम कोण करतं?

त्याहून जास्त उपयोगी पडतात जुने सहकारी. इतक्या वर्षांनी कसा फोन करू, असं मलाही वाटलं होतं. केला. जिच्याबरोबर मी डबा खायचे ती आता मॅनेजर होती.

5. मुलाखत आणि पगार

गॅपचं उत्तर दोन वाक्यांत. "घरच्या जबाबदारीसाठी सहा वर्षं काम थांबवलं होतं. गेले सहा महिने हे बनवते आहे, दाखवू?" आणि स्क्रीन उघडा. दुसऱ्या मुलाचं काय, नवऱ्याची बदली झाली तर, असले प्रश्न आले तर "कामाच्या वेळा मला जमणाऱ्या आहेत" एवढं म्हणून विषयावर या.

पगार जुन्या आकड्यावर काही टक्के असा मागू नका, तो आकडा सहा वर्षं जुना आहे. आजचा बाजारभाव विचारून मागा. थोडं कमी घ्यावं लागेल, फ्रेशरइतकं घेऊ नका. आणि सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण आकड्यात, कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, तेव्हा हातात किती ते लेखी घ्या.

6. रुजू होण्याआधी

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते, 2017 च्या दुरुस्तीपासून. कुठे आहे आणि किती वाजेपर्यंत उघडं, ते विचारा. महाराष्ट्रात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घरापर्यंत सोडण्याची व्यवस्थाही. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रोज किती वाजता, हे त्यामुळे आधीच कळलेलं बरं. दहापासून पुढे कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तक्रार करायची मुदत तीन महिने. समितीची नावं भिंतीवर दिसतात का ते पहिल्याच दिवशी बघून घ्या.

पहिल्या महिन्यात तुमचा कोड तपासणारा पोरगा तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असेल आणि तुम्हाला मॅम म्हणेल. त्याला बिनदिक्कत विचारा. माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे तपासायला पाठवलेल्या कोडवर, त्याच्या चौदा कॉमेंट आल्या होत्या. अकरा बरोबर होत्या. तीन मी त्याला समजावून सांगितल्या.