साभार परत का येतं? वर्गातली कृती विज्ञान नियतकालिकाला पाठवताना या चुका टाळा

वर्गात घेतलेल्या प्रयोगावरचे बरेचसे लेख म्हणजे कार्यक्रमाचे वृत्तांत असतात. मुख्याध्यापकांचं मार्गदर्शन, मुलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद, शेवटी आभार. शाळेच्या वार्षिक अंकात हे शोभतं. विज्ञान शिक्षणाच्या नियतकालिकाला मात्र पाककृती हवी असते. कोल्हापुरात जमलेली कृती गडचिरोलीच्या शिक्षकाला, तुम्हाला एकही फोन न करता, 35 मिनिटांच्या तासात जमली पाहिजे. खालच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीच्या विसरातून होतात.

‘चिमूटभर सोडा’ म्हणजे कुठला?

‘जास्वंदीच्या फुलांचा अर्क काढा, त्यात सोडा घाला, रंग हिरवा होतो.’ वाक्य सरळ दिसतं, पण वाचणारा शिक्षक इथेच अडकतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा; 7 म्हणजे उदासीन) 8.3 च्या आसपास असतो, त्यात हिरवा तितका स्पष्ट येत नाही. धुण्याच्या सोड्याचा सामू 11 च्या पुढे जातो, तिथे हिरवा स्पष्ट दिसतो. ‘सोडा’ एवढंच लिहिलं तर निम्मे वाचक खाण्याचाच घेणार आणि मुलांसमोर तोंडघशी पडणार.

तीच कृती अशी लिहा: लाल जास्वंदीच्या ताज्या पाकळ्या 5 ग्रॅम, बारीक चिरून. पाणी 50 मिली, साधारण 70 अंश सेल्सिअसचं. 15 मिनिटं झाकून ठेवा, मग गाळा. 40 मुलांचे 8 गट, प्रत्येक गटाला 5 मिली अर्क. एका चाचणीला 1 मिली, म्हणजे ड्रॉपरचे सुमारे 20 थेंब. हिशेबाने गटाला सहा मिलीही देता येतील असं वाटतं, पण गाळताना थोडा अर्क पाकळ्यांत आणि फडक्यात राहतोच.

पाणी कुठलं वापरलं तेही लिहायला हवं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात, त्यामुळे काही न घालताच अर्क जांभळटाकडे झुकतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी गॅरेजमध्ये स्वस्तात मिळतं, ते सुचवा. रंग कधी पाहायचा हेही सांगा. चुन्याच्या निवळीत आलेला हिरवा रंग थोड्या वेळाने पिवळट पडतो, म्हणून नोंद पहिल्या मिनिटातच करायची. निवळीची बाटली उघडी राहिली, तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर पांढरी साय धरते. अर्क तर त्याच दिवशी संपवलेला बरा.

असे बिघाड लिहायला शिक्षक कचरतात. कृती कमअस्सल वाटेल, अशी भीती असते. नियतकालिकासाठी लेख तपासणाऱ्या परीक्षकाचं मत उलट असतं. जिथे बिघाडच नाहीत, ती कृती वर्गात खरोखर किती वेळा झाली याची त्याला शंका येते. ‘काय बिघडू शकतं’ असा स्वतंत्र परिच्छेद घाला.

आपल्या गावाचे आकडे सगळ्यांचे नसतात

‘दुपारी 12 वाजता काठीची सावली सर्वांत लहान असते.’ कोल्हापुरात असं कधीच होत नाही. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, आणि शहर 74.2 अंशांवर. एवढ्यानेच 33 मिनिटांचा फरक पडतो. त्यात सूर्याच्या वेळेतला वर्षभराचा चढउतार धरला, तर इथली खरी मध्यान्ह (सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ) नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे 12:17 ला आणि फेब्रुवारीच्या मध्यावर 12:47 च्या आसपास येते. गडचिरोलीत ती आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी. तेव्हा वेळ छापू नका, ती शोधायची रीत छापा.

दर पाच मिनिटांनी सावली मोजून सर्वांत लहान निवडायची, ही सोपी रीत फसवते. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी फारशी हलतच नाही. त्यातून 50 सेंमी काठीच्या सावलीचं टोक जवळजवळ अर्धा सेंटीमीटर धूसर असतं. त्याऐवजी ओळंब्याने उभी केलेली काठी मध्यभागी ठेवून जमिनीवर वर्तुळ काढायला सांगा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं ती वेळ आणि दुपारी पुन्हा टेकलं ती वेळ, या दोन्हींच्या मधोमध मध्यान्ह.

शून्य सावलीच्या दिवसावर (सूर्य मध्यान्हीला थेट डोक्यावर येतो तो दिवस) लेख लिहिणाऱ्यांनी आणखी एक अडचण कबूल करावी. कोल्हापुरात तो मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी, ऑगस्टमध्ये आभाळ. गावागावाने आकडा बदलतो, हे पाणी उकळण्यालाही लागू. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. मुलांनी 98 वाचलं आणि लेखात 100 छापलं, असं करू नका. ते 98 हीच शिकवायची गोष्ट आहे.

नवं काय, ते दुसऱ्या परिच्छेदात दिसू द्या

जास्वंदीचा दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल की अल्कली हे सांगणारा अर्क, सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढ्यावर लेख परत येईल. पण करवीर, कागल भागातल्या गुऱ्हाळावर उसाच्या रसात चुन्याचं पाणी का घालतात, हे मुलांनी चुना घालण्याआधीच्या आणि नंतरच्या रसावर हाच दर्शक वापरून तपासलं, तर कृतीला कारण मिळतं. ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. मात्र गुऱ्हाळ हंगामापुरतंच चालतं आणि सगळीकडे नसतं. रसवंतीचा रस आणि चुन्याची निवळी हा पर्याय तिथेच द्या. त्या रसात लिंबू पिळलेलं नको, हेही लिहा. नाहीतर चाचणी लिंबाचीच होईल.

‘मुलांना खूप आवडलं’ हा पुरावा नव्हे

कृतीआधी एक प्रश्न विचारा, नंतर तोच विचारा, आणि आकडे जसेच्या तसे द्या. ‘40 पैकी 27’ लिहा. एका वर्गासाठी ‘67.5 टक्के’ म्हणजे नुसता थाट. मुलांची चुकीची उत्तरं त्यांच्याच शब्दांत दिली, तर दहा टक्केवाऱ्यांपेक्षा जास्त कामाची ठरतात.

सुरक्षितता आणि फोटो

‘शिक्षकांच्या देखरेखीखाली करा’ एवढ्याने भागत नाही. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, तेव्हा चष्मा आणि भरपूर पाण्याची सोय, दोन्ही नावानिशी लिहा. निवळीत नळीने फुंकर मारायची कृती असेल, तर मुलं ती ओढूही शकतात, हा इशारा हवा. ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’सारखी नियतकालिकं धोक्यांसाठी स्वतंत्र विभागच मागतात. मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. खरं तर हातांचा आणि भांड्यांचाच फोटो जास्त सांगतो. तो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की आकसतो, म्हणून मूळ फाइल ईमेलने पाठवा. 10 सेंमी रुंद छापायला 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) सुमारे 1200 पिक्सेल लागतात.

पाठवताना

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल समोरच्याकडे तो फाँट नसेल तर चिन्हांचा गोंधळ होऊन उघडते. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. ‘शैक्षणिक संदर्भ’, ‘मराठी विज्ञान परिषद पत्रिका’ आणि एनसीईआरटीचं ‘स्कूल सायन्स’ यांचे वाचक वेगळे, सूर वेगळा. ज्याला पाठवायचं त्याचे दोन-तीन अंक आधी वाचा. ‘तीन दिवसांत प्रकाशन, फक्त शुल्क भरा’ असा मेल आला तर सोडून द्या. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे.

पाठवण्याआधी लेख गारगोटीच्या किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या शिक्षकाच्या हातात द्या, शक्यतो विज्ञान न शिकवणाऱ्या. त्यांना कृती करू द्या, तुम्ही बाजूला गप्प बसा. ते ज्या ज्या ठिकाणी मान वर करून तुमच्याकडे बघतील, तिथे पेन्सिलने खूण करा. दुरुस्ती तिथेच करायची आहे.