ठाण्याहून बोर्दोच्या द्राक्षमळ्यांकडे

सप्टेंबरमध्ये फ्रान्समधील बोर्दोला द्राक्षतोडणी ऐन भरात असते. पाहण्यासारखे तेव्हाच सर्वाधिक असते, मात्र वायनरीतील, म्हणजे वाइन बनवण्याच्या ठिकाणची, माणसे कामात बुडालेली असल्याने भेटीची वेळ ठाण्यातूनच ईमेलने पक्की करावी. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो.

आम्ही नौपाड्यातील चौघांनी बोर्दोजवळच्या सेंत-एमिलियों या गावाला मोटारीऐवजी रेल्वेने जाणे पसंत केले, कारण वाइनची चव घेतल्यानंतर गाडी चालवणे योग्य नव्हे, आणि स्थानकापासून गावाकडे जाणारी वाट द्राक्षवेलींमधूनच जाते.

दिवसाला दोनच वायनरी पुरेत. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा, हळूच फिरवून वास घ्यावा, घोट तोंडात घोळवावा आणि शेजारच्या भांड्यात निःसंकोच थुंकावा. तिथे तो शिष्टाचारच आहे. परतताना प्रत्येकी २ लिटरपर्यंतचे मद्य शुल्काविना आणता येते.