खाडीचा चिखल कधी उघडा पडेल, ते कालनिर्णय सांगतं

निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे), खेकडे, चिखलात भक्ष्य टिपणारे पक्षी बघायला कोकणातल्या खाडीवर जावं, तर नेमकी भरती. सगळा चिखल पाण्याखाली! कोळी मंडळींचा जुना हिशेब वापरा, फेरी वाया जाणार नाही.

१. तिथीला तीनने गुणून चारने भागा. उत्तर म्हणजे साधारण भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे सव्वाआठला ओहोटी, सकाळीही आणि रात्रीही. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असंच मोजा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा.

२. अमावास्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया मला सगळ्यात आवडते. पाणी खूप मागे जातं आणि ओहोटी नेमकी सकाळी फिरायच्या वेळेला येते.

३. जागा उपग्रह नकाशावर शोधा. खाडी किंवा नदी जिथे वळते, त्या वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साठतो. बाहेरच्या बाजूला काठ तुटलेला असतो, तिकडे जाऊ नका. तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं तुडवू नका.

४. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा. अनवाणी नको, कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) कडा पाय कापतात. घट्ट नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट घाला.

काठी टेकवत चाला. ती वीतभराहून जास्त रुतली की तिथूनच मागे वळा. आणि पाणी फिरल्याबरोबर निघा: भरती समोरून दिसायच्या आधी पाठीमागच्या नाळांतून, म्हणजे चिखलातल्या अरुंद पाणवाटांतून, शिरते.